अर्धा, पाव, पाव



आषाढी चार दिवसांवर आली आहे. खरं तर आज वारीवर लिहायचं मनात होतं. पण आपला नेम ठरलेला आहे, रोजच्या वाचनात जे पान येईल त्यावरच लिहायचं. सध्या सभापर्व चालू आहे, आणि द्यूतानंतर भरसभेत विदुर जे बोलतो ते पान समोर आलंय. गेले तीन दिवस मी तेच पान वाचतोय, पुढे सरकता येत नाहीये. कारण सांगतो.

बुधवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलं क्रिकेट खेळत होती. बाहेर पाऊस, त्यामुळे खांबांच्या मधे स्टंप. एका मुलाने सोपा कॅच सोडला आणि थोड्या वेळाने तोच बॅटिंगला आला. समोरच्या टीमने ‘बूऽऽ’ सुरू केलं. आधी एकाने, मग चौघांनी, मग सगळ्यांनीच. पार्किंगमध्ये आवाज केवढा घुमतो माहीत आहे ना. पोरगा पहिल्याच बॉलला बोल्ड. आवाज अजून वाढला. तो बॅट घेऊन वळला आणि जो सगळ्यात जवळ उभा होता त्याला त्याने ती मारली.

जवळ उभा होता तो माझा भाचा. वय वर्षं दहा. भुवईच्या वर तीन टाके.

रात्रीपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन पक्ष तयार झाले. पहिला: बॅट ज्याने मारली त्याची चूक, विषय संपला. दुसरा: इतकं चिडवल्यावर पोरगं काय करणार? आणि तिसरा पक्ष, जो प्रत्येक सोसायटीत असतोच: पार्किंगमध्ये खेळायची परवानगी दिली कुणी? मी कमिटीत आहे. ‘तरुण रक्त पाहिजे’ म्हणून गेल्या वर्षी ओढून घेतलं मला. उद्या, रविवारी सकाळी ११ वाजता मीटिंग आहे. ताईचा फोन आला, “तू आहेस ना तिथे? मग त्या मुलाच्या आईबापांना नीट सुनाव.”

आणि मी विदुर वाचत बसलोय.

प्रसंग तुम्हाला माहीत आहे. द्रौपदीला सभेत ओढून आणलंय. ती एक प्रश्न विचारते आणि त्याचं उत्तर कुणीच देत नाही. भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून थांबतात, द्रोण गप्प आहेत. एकटा विकर्ण, कौरवांतलाच एक, उठून बोलतो, तर कर्ण त्याला गप्प करतो. मग विदुर सभेकडे वळतो आणि एक जुनी गोष्ट सांगतो. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि अंगिरस ऋषींचा मुलगा सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण यावरून वाद होतो, दोघं प्राण पणाला लावतात आणि निवाडा प्रल्हादाकडे येतो. म्हणजे स्वतःच्या मुलाचा निवाडा बापाने करायचा. प्रल्हाद कश्यपांना विचारायला जातो की अशा वेळी उत्तर न देणाऱ्याचं किंवा खोटं देणाऱ्याचं काय होतं. तिथे कश्यप एक हिशोब सांगतात. सभेत निंद्य गोष्ट घडली आणि तिला कुणी निंद्य म्हटलं नाही, तर पापाचा अर्धा भाग सभेतल्या श्रेष्ठाकडे जातो, पाव भाग करणाऱ्याकडे, आणि उरलेला पाव गप्प बसलेल्या सभासदांकडे. पण सभेने त्या गोष्टीला निंद्य म्हटलं, तर श्रेष्ठही सुटतो, सभासदही सुटतात आणि सगळं पाप करणाऱ्याच्या एकट्याच्या माथी येतं.

सभासद. मूळ संस्कृतात हाच शब्द आहे. आमच्या लिफ्टजवळच्या बोर्डावर दर महिन्याला लागतो तोच: ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की…’

अर्धा, पाव, पाव. इंजिनिअरच्या डोक्याला हे फार आवडतं, बेरीज बरोबर एक येते. पण मला या हिशोबाने गुंतवलं ते बेरजेमुळे नाही. वाचताना मला अमेरिकेतली एक मॅच आठवली, कॉलेजात असताना रात्री पुन्हा पुन्हा बघितलेली. तेव्हा आम्ही ती मारामारीची मजा म्हणून बघायचो.

१९ नोव्हेंबर २००४. मिशिगन राज्यातलं ऑबर्न हिल्स, तिथलं ‘द पॅलेस’ नावाचं स्टेडियम. एनबीएची बास्केटबॉल मॅच, घरची टीम डेट्रॉइट पिस्टन्स आणि पाहुणी इंडियाना पेसर्स. पेसर्स ९७-८२ ने पुढे आणि फक्त ४५.९ सेकंद शिल्लक. म्हणजे मॅच संपलेली होती, कुणाला काही जिंकायचं उरलं नव्हतं. पेसर्सच्या रॉन आर्टेस्टने पिस्टन्सच्या बेन वॉलेसला गरज नसताना जोरात फाउल केला. वॉलेसने त्याला दोन्ही हातांनी ढकललं. धक्काबुक्की, शिव्या, दोन्ही टीम मैदानात. मैदानावर रेफरी तीन.

इथपर्यंत हे खेळाडूंमधलंच भांडण होतं. आणि मग आर्टेस्टने एक विचित्र गोष्ट केली. तो बाजूला गेला आणि स्कोअररच्या टेबलावर उताणा झोपला. कुणाचा तरी हेडफोन कानाला लावला. बघणाऱ्यांना तो माज वाटला, मलाही तेव्हा वाटला होता. नंतर त्याने सांगितलं की आपण स्वतःला शांत करायचा प्रयत्न करत होतो. रागाच्या बाबतीत हा माणूस आधीपासून बदनाम होता, त्यासाठी तो मदतही घेत होता. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली ती साखळी आपण मागे वाचली, क्रोधातून संमोह, मग स्मृती जाते, मग बुद्धी. ती साखळी मधेच तोडायची असेल तर आधी त्या जागेवरून बाजूला व्हावं लागतं. आर्टेस्ट त्याच्या परीने बाजूला झाला होता.

तेव्हा प्रेक्षकांतून एक प्लास्टिकचा ग्लास आला आणि त्याच्या अंगावर फुटला.

आर्टेस्ट उठला, थेट स्टँडमध्ये चढला आणि एका माणसाला धरलं. चुकीच्या माणसाला. ग्लास टाकणारा दुसराच होता. मागोमाग त्याचा सहकारी स्टीफन जॅक्सन ठोसे मारत वर गेला. काही प्रेक्षक मैदानात उतरले, तिथे जर्मेन ओ’नीलने एकाला मारलं. बाहेर जाणाऱ्या खेळाडूंवर वरून पेयं, पॉपकॉर्न, अगदी खुर्चीसुद्धा. लहान मुलं रडताना दिसतात त्या व्हिडिओत. हॉस्टेलवर बघताना ती मुलं मला कधी दिसली नव्हती. गेल्या वर्षी पुन्हा बघितलं तेव्हा दिसली. ती उरलेली ४५.९ सेकंदं खेळलीच गेली नाहीत.

आता हिशोब. लीगचे प्रमुख डेव्हिड स्टर्न यांनी नऊ खेळाडूंना निलंबित केलं. आर्टेस्टला उरलेला पूर्ण सीझन, प्लेऑफ धरून ८६ मॅचेस, आणि सुमारे ५० लाख डॉलर पगारावर पाणी. जॅक्सनला ३० मॅचेस. कोर्टात पाच खेळाडूंवर आणि पाच प्रेक्षकांवर खटले झाले. ग्लास टाकणाऱ्या माणसाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे: ज्युरीने त्याला दोषी धरलं ते नंतरच्या झटापटीत आर्टेस्टला मारल्याबद्दल, त्यासाठी ३० दिवसांची कैद झाली. ग्लास फेकल्याच्या आरोपातून मात्र तो सुटला. ज्या एका कृतीने सगळं पेटलं, तिच्या खात्यावर कायद्याने काहीच लिहिलं नाही.

आणि श्रेष्ठांचं काय? पुढच्या काही महिन्यांत लीगने नियम केला की शेवटच्या क्वार्टरमध्ये दारू विकायची नाही, एका माणसाला एका वेळी दोनपेक्षा जास्त पेयं द्यायची नाहीत, आणि प्रेक्षकांसाठी आचारसंहिता आणली. चांगलं केलं. पण हा नियम म्हणजे कबुलीच नाही का? त्या रात्रीपर्यंत बिअर विकून पैसा कोण कमवत होतं? खेळाडूंचं वैर जाहिरातीत कोण दाखवत होतं? मैदानाला चिकटून खुर्च्या लावून त्या महाग कोण विकत होतं? खेळाडूंना दिलेल्या शिक्षेचा निर्णय स्टर्न यांचा एकट्याचा होता आणि त्यांनी तो लपवलाही नाही. विदुराच्या हिशोबात मात्र त्या खुर्चीत बसलेल्याचा भाग अर्धा आहे, सगळ्यांत मोठा.

हे वाचून ‘अगदी बरोबर, सिस्टिमच दोषी’ असं म्हणावंसं वाटतं. मी सुद्धा पहिल्या दिवशी तेच म्हटलं. पण थांबा, इथे एक काटा आहे आणि तो मला बोचत राहिला.

सभा गप्प राहिली तर करणाऱ्याचा भाग फक्त पाव. म्हणजे दुःशासनाला सवलत? आजूबाजूचे जितके नालायक, तितकं माझं पाप कमी? मग आर्टेस्टच्या वकिलाने हा श्लोक कोर्टात वाचावा. पार्किंगमधल्या त्या मुलाने वाचावा.

ऑफिसमध्ये आम्ही हे रोज करतो. प्रॉडक्शन पडलं की पोस्टमॉर्टेम होतं, आणि नियम असा की कुणा एका माणसाला दोष द्यायचा नाही, प्रक्रियेत कारणं शोधायची. पद्धत चांगली आहे, माणसं खरं बोलतात. पण तिचा एक आजारही मी बघितलाय. टेस्टिंगची थोडी चूक, रिव्ह्यूची थोडी, डॉक्युमेंटची थोडी, डेडलाइनची थोडी. इतकी छान वाटणी होते की शेवटी कुणाच्याच हातात काही येत नाही. आमच्या एका आउटेजचं मूळ माझ्या एका ओळीत होतं, रिपोर्टमध्ये सात कारणं लिहिली होती आणि त्या सातांच्या मागे मी आरामात झोपलो. खोटं काहीच लिहिलं नव्हतं बरं का. सातही कारणं खरी होती.

तर मग विदुर असं का सांगतो? काल रात्री मी पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि एक साधी गोष्ट लक्षात आली, जी खरं तर पहिल्याच वाचनात दिसायला हवी होती. विदुर हे कुणाला सांगतोय? दुर्योधनाला नाही. दुःशासनालाही नाही. तो सभासदांना सांगतोय. भीष्म, द्रोण, कृप बसलेत त्या रांगेकडे तोंड करून. हा हिशोब करणाऱ्याला दाखवायला काढलेलाच नाही. गप्प बसलेल्यांना त्यांचा आकडा दाखवायला काढलाय. श्रेष्ठाने फक्त अर्ध्याची ओळ वाचायची, सभासदाने पावाची. दुसऱ्याची ओळ मोठ्याने वाचायला लागलात की तो हिशोब बिघडतो. स्टर्ननी खेळाडूंची ओळ वाचली. खेळाडूंच्या युनियनने प्रेक्षकांची वाचली. प्रेक्षक म्हणाले, अहो तो आमच्या अंगावर आला! आमच्या ग्रुपवर बुधवारपासून तेच चाललंय, तीनही पक्ष दुसऱ्याचीच ओळ वाचतायत, आणि तिन्ही ओळी खऱ्या आहेत.

म्हणून आता माझी ओळ.

१ एप्रिल २०२४, सोमवार. वानखेडे. मुंबई विरुद्ध राजस्थान. मी रजा टाकली, ताईला पटवलं आणि भाच्याला घेऊन पुण्याहून गेलो. त्याची ती आयुष्यातली पहिली मॅच. तुम्हाला आठवत असेल ते वातावरण. पाच ट्रॉफ्या देणाऱ्या रोहितला बाजूला करून हार्दिक पांड्याला कॅप्टन केलेलं. निर्णय मॅनेजमेंटचा होता. पण मॅनेजमेंट काही लाँग-ऑनला फील्डिंगला येत नाही, हार्दिक येतो. टॉसच्या वेळी त्याचं नाव घेतलं आणि अख्खं स्टेडियम ‘बूऽऽ’ करून उठलं. संजय मांजरेकर माइकवरून म्हणाले की नीट वागा. त्यावर आवाज अजून वाढला.

मी त्या आवाजात होतो. हे कसं लिहू कळत नाही, पण मजा येत होती. तीस-बत्तीस हजार माणसांचा एक गळा झाला की आपला गळा आपला राहत नाही, कीर्तनात नाही का तसं होतं? तीच जादू, फक्त उलट्या दिशेची. (हे लिहून मी पाच मिनिटं थांबलो. पण खरं आहे, राहू दे.) भाचा माझ्याकडे बघत होता. म्हणाला, “मामा, पण तो आपलाच कॅप्टन आहे ना?” मी म्हटलं, “अरे, असंच करतात. तू पण कर.”

तू पण कर. एवढंच बोललो मी.

मग त्याने केलं, आणि छान केलं, दोन्ही हात तोंडाशी धरून. आमच्या पुढच्या रांगेत एक जण हार्दिकच्या आईवरून बोलत होता, पोरांच्या समोर. मी काही बोललो नाही. मुंबईच्या २० धावांत ४ विकेट गेल्या तेव्हा त्याने चौकार-षटकाराचं ते पुठ्ठ्याचं कार्ड चुरगाळून खाली भिरकावलं. ते मैदानापर्यंत कुठलं पोचतंय, खालच्या रांगेत एका लहान मुलीच्या डोक्यावर पडलं. पुठ्ठाच तो, लागलं काही नसणार. आसपासचे हसले. मीही हसलो. म्हणजे ग्लास कुणी टाकला हे जर ऑबर्न हिल्समध्ये कुणी मला विचारलं असतं, तर मी त्या माणसाच्या मागच्या रांगेत बसलेला होतो, हसत.

त्या रात्री राजस्थानच्या बॅटिंगच्या वेळी बाउंड्रीजवळ उभ्या असलेल्या रोहितने प्रेक्षकांकडे हात करून खूण केली, बंद करा हे. ज्याच्या प्रेमापोटी हे सगळं चाललं होतं, त्याने. विकर्णाने कौरवांत उभं राहून बोलावं तसं. खूण आमच्या स्टँडला दिसली का, मला खात्री नाही. मला मोबाइलवर दिसली, परतताना, एक्सप्रेसवेवर. भाचा मागच्या सीटवर झोपला होता.

आणि गेल्या आठवड्यात, ४ जुलैला, तोच हार्दिक त्याच वानखेडेवर वर्ल्ड कप घेऊन आला, आणि तेच स्टेडियम ‘हार्दिक, हार्दिक’ ओरडत होतं. बार्बाडोसला त्याने शेवटची ओव्हर टाकली ना. टीव्हीसमोर मीही ओरडलो. माझ्या शेजारी बसून भाचाही. त्याने मला विचारलं नाही की एप्रिलमध्ये आपण काय करत होतो. मुलं काही गोष्टी विचारत नाहीत, सरळ शिकतात. बुधवारी पार्किंगमध्ये त्याने काय केलं ते तुम्हाला वर सांगितलंच. दोन्ही हात तोंडाशी धरून, असं वॉचमन काका म्हणाले. तो पहिला नव्हता. पण बॅटच्या सगळ्यात जवळ होता.

हे ‘जवळ असणं’ मला या सगळ्या प्रकरणांत सारखं दिसतं. आर्टेस्टने जवळच्या माणसाला धरलं, टाकणाऱ्याला नाही. आम्ही हार्दिकवर ओरडलो, निर्णय घेणाऱ्यांवर नाही, कारण ते काचेच्या आत एसीत होते. गर्दीत खरा करणारा लपतो आणि राग तर थांबायला तयार नसतो, मग तो हाताला लागेल त्यावर पडतो. खेळाडूचा राग प्रेक्षकावर आणि प्रेक्षकाचा खेळाडूवर, दोघंही एकमेकांना फक्त समोर दिसतात म्हणून.

काही जण म्हणतील, तिकीट काढलंय, ओरडायचाही हक्क नाही का? आहे की. वाईट शॉटला वाईट म्हणा, हरल्यावर हळहळा, पंचांना नावं ठेवा. पण १९९७ मध्ये टोरांटोला भारत-पाकिस्तान मॅचमध्ये एक प्रेक्षक मेगाफोन घेऊन इंझमामला ‘आलू’ म्हणत राहिला, आणि इंझमाम बॅट घेऊन स्टँडमध्ये चढला. त्याला दोन मॅचेसची बंदी झाली. आमच्या शाळेत त्या ‘आलू’वर वर्षानुवर्षं हशा व्हायचा, कुणाही जाड मुलाला ते नाव पडायचं. एका माणसाचं शरीर हा आपला विनोद आहे, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. बघून शिकलो. इंझमामने बॅट घेऊन चढायला नको होतं, हे मी म्हणेन. पण ते म्हणायचा अधिकार आधी त्या आलूवर न हसणाऱ्याला आहे, आणि तो मी नव्हतो.

आणि हो, करणाऱ्याची ओळही कोऱ्या कागदासारखी सोडता येत नाही. आर्टेस्टने मारलं, तो हात त्याचाच होता. ग्लास कुणी टाकला, बिअर कुणी विकली, रेफरी किती होते, हे सगळं त्या हाताला लागू नाही. मला त्याच्याबद्दल आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीमुळे. २०१० मध्ये लेकर्सकडून चॅम्पियनशिप जिंकल्यावर त्याने मैदानावरच, टीव्हीवर, आपल्या मानसोपचारतज्ज्ञाचे आभार मानले. लोक हसले तेव्हा. २०११ मध्ये त्याने कायदेशीर नाव बदललं: मेटा वर्ल्ड पीस. त्यातला मेटा म्हणजे पालीतला ‘मेत्ता’, मैत्री. आपल्याकडे बौद्ध विहारात हा शब्द रोज कानावर येतो, आणि गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगताना कुणाचा द्वेष न करण्याच्या मागोमाग मैत्रीच येते. पुढे ग्लास टाकणाऱ्या त्या माणसाशीही त्याचं बोलणं झालं, ओळख झाली. मी कुठेही असं वाचलं नाही की लीगच्या ऑफिसातून कुणी आपला अर्धा भाग न्यायला आलं. ते ‘पॅलेस’ स्टेडियमही २०२० मध्ये पाडून टाकलं.

प्रल्हादाच्या गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला. कश्यपांचं उत्तर ऐकून प्रल्हाद परत येतो आणि मुलाला तोंडावर सांगतो, सुधन्वा तुझ्याहून श्रेष्ठ आहे, तुझे प्राण आता त्याच्या हातात. आणि सुधन्वा काय करतो? तो म्हणतो, पोटच्या मुलाच्या मायेत न अडकता तू धर्माने बोललास, म्हणून तुझा मुलगा शंभर वर्षं जगो. विरोचन वाचतो तो बापाने त्याची बाजू घेतली नाही म्हणून.

हे मी काल रात्री ताईला फोनवर वाचून दाखवलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, “टाके माझ्या मुलाला पडलेत आणि तू मला महाभारत वाचून दाखवतोस?” आणि फोन ठेवला. तिचंही बरोबर आहे. पोराची भुवई सुजून काळीनिळी झालीय.

आज संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. तिला वानखेडेचं सगळं सांगितलं, ‘तू पण कर’ सकट. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग भाच्याला म्हणाली, “चप्पल घाल.” आम्ही तिघं सातव्या मजल्यावर गेलो. दार त्या मुलाच्या आईने उघडलं. तिचा चेहरा असा होता की आता पोलीस आले असते तरी चाललं असतं. मुलगा आतल्या खोलीतून बाहेरच येईना. मी दारातच म्हटलं की उद्या मीटिंगमध्ये मी आधी माझं बोलणार आहे, बूऽऽ करायला याला मी शिकवलं, ते बोलून झाल्यावर बॅटचं काय करायचं ते सगळे मिळून ठरवू. त्या माउलीला काय बोलावं सुचेना, तिने आम्हाला आत बोलावलं आणि चहा टाकायला गेली.

तेवढ्यात तो पडद्याआडून आला. भाच्यासमोर उभा राहिला, बँडेजकडे बघत.

“दुखतं का?”

“थोडं. टाके बघायचेत?”

दोघं आत गेले. ताई हात गुंडाळून सोफ्यावर बसली होती, ती काही हसली नाही. चहा मात्र प्यायली.

उद्या ११ वाजता मीटिंग आहे. काय होतं ते सोमवारच्या वाचनात सांगतो. तोवर सभापर्वाचं ते पान तुम्हीही काढून बघा.

राम कृष्ण हरी.